जिवंत माणसाचं गाणं

वहिनी,

खटल्यातला एक पक्षकार मेला की आम्हा वकिलांची धावपळ सुरू होते. वारस शोधायचे, त्यांची नावं रेकॉर्डवर आणायची, नाहीतर दावा आपोआप संपतो. आपला दावा असा संपवायला माझी तयारी नाही. तुझ्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर तो इतकी वर्षं चालला. त्यात तू आरोपी होतीस, साक्षीदारही तूच, आणि मनात आलं की न्यायाधीशाच्या जागीही जाऊन बसायचीस. तू गेलीस म्हणून तो निकाली निघाला, असं मी मान्य करत नाही. आता मी बोलेन आणि तू मध्ये बोलणार नाहीस. अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मिळाली आहे, तर तिच्यात काडीची मजा नाही.

तुला न ओळखणारी माणसंही हे वाचतील, म्हणून आरोप एकदा स्वच्छ सांगतो. सारंगखेड्याजवळच्या एका गावातली, माझ्या थोरल्या भावाची बायको, स्वयंपाक-पाणी आवरून फोनवर व्हिडिओ बनवायची. चित्रं स्वतःची, गाणी दुसऱ्यांची. कुणा गायकाचं गाणं आवडलं की त्यावर आपला तापीकाठ चढवायची आणि तो सगळा माल ‘तापीकाठनी गंमत’ नावाच्या आपल्या चॅनेलवर टाकायची. पाहणारी माणसं हजारोंनी होती. परवानगी एकाचीही नव्हती.

काय काय केलंस तू! यात्रेतल्या नाचणाऱ्या घोड्यांवर तू सिनेमातलं गाणं बसवलंस. घोडा नाचत होता ढोलावर, गाणं होतं भलत्याच तालाचं. मी म्हटलं, हे जमणार नाही. तू दादाचा चष्मा लावून झोपाळ्यावर बसलीस आणि एकेक टाप गाण्यात अशी बसवलीस, की मालकालाही वाटलं आपला घोडा हेच गाणं ऐकून नाचला. पुढच्या यात्रेत त्या बिचाऱ्याने घोड्याला फोनवरून ते गाणं ऐकवून पाहिलं. घोडा जागचा हलला नाही. मालक तुझ्याकडे तक्रार घेऊन आला आणि तू त्याला सांगितलंस, “तुन्हा घोडाले एडिटिंग येस नई, भाऊ. ते माले येस.”

मी त्याच संध्याकाळी तुझी उलटतपासणी घेतली होती, आठवतं? तू भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस. मी खांद्यावर टॉवेल टाकून, कोट समजून, ओट्यावर येरझारा घालत होतो. दादा कोपऱ्यात केळीच्या बागेचं ठिबक दुरुस्त करत होता आणि नेहमीप्रमाणे कुणाच्याच बाजूने नव्हता.

“आरोपीने सांगावं, हे गाणं कुणाचं?”

“लिखेल शे ना वर. गायकनं नाव, लिखनारनं नाव, कंपनीनं बी नाव. मन्हं नाव सगळास्ना खाले, बारीक अक्षरमा.”

“नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.”

“काब्र नई व्हस? मी तुन्हा घरनी कढई लगनले लई गऊ. कढईवर तुन्ही मायनं नाव कोरेल शे. मी वापरी, घाशी-पुशी परत दिधी. नाव खोडं का? नई ना? मंग चोरी कशी?”

“पण कढई विचारून नेली होतीस ना?”

तू शेंग दाताखाली फोडलीस आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस. “गावमा कोन इचारस रे, वकील? सांगी पाठाडतस. कढई लई जाई ऱ्हायनू म्हनीसन. इचारं ते समोरलाले वाईट वाटस, आपुन परका शेत का म्हनीसन.”

मग तू मला भांड्यांचा पूर्ण कायदा ऐकवलास. ज्यावर नाव कोरलंय ते भांडं त्या घरचं. ते वापरायचं, पण नावासकट परत करायचं. ज्यावर नाव नाही ते गावाचं. ते कुणीही न्यावं. मी बौद्धिक संपदेवर दोन जाड पुस्तकं मागवून वाचत होतो. आमच्याकडे सगळे दावे बांधाचे आणि विहिरीचे. गाण्याचा बांध कुठे असतो हे मला तुझ्यामुळे शिकावं लागलं. त्या पुस्तकांत तुझ्या कायद्याला आधार नव्हता. मात्र तो त्यांच्यापेक्षा लवकर समजत होता, एवढं कबूल करतो.

पुढे घोड्यांच्या व्हिडिओवर कंपनीची तक्रार आली आणि तो उतरवला गेला. तू काय केलंस? गावच्या रीतीने सांगून पाठवलंस. मला न विचारता कंपनीला लिहिलंस, की तुमचं गाणं आमच्या घोड्यांवर फार शोभलं, कधी सारंगखेड्याकडे आलात तर आमच्याकडे जेवायला या, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी करू. तिकडून यंत्राने पाठवलेलं इंग्रजी उत्तर आलं, की तुमचा संदेश मिळाला, आभारी आहोत. तू ते शेजारपाजारी दाखवून आलीस. “उत्तर उनं. येतीन त्या.” काही दिवस तू खरंच कुणाची तरी वाट पाहत होतीस. मी हसून हसून झोपाळ्यावरून पडलो होतो. आज आठवलं की हसू अर्ध्यावर येऊन थांबतं.

दुसरी तक्रारही अशाच एका मोठ्या कंपनीची होती. तोरणमाळच्या घाटातल्या धुक्यावर तू एक जुनं विरहगीत लावलं होतंस. धुकं मात्र इतकं दाट, की चित्रात काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, हे नुसतं पांढरं आहे. तू म्हणालीस, “इरह असाच ऱ्हास.” तो व्हिडिओही गेला. तेव्हा मी तुला गंभीरपणे बसवून नियम समजावला. अशा तीन तक्रारी लागोपाठ झाल्या की व्हिडिओ नाही, अख्खं चॅनेल जातं. त्यावर तुझी किती गाणी होती, किती बायकांचे चेहरे होते! पापड लाटणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, एरवी फोटोत तोंडाला पदर लावणाऱ्या बायका तुझ्यासमोर खळखळून हसल्या होत्या. त्यातल्या दोघी आता नाहीत. त्यांची पोरं चॅनेल उघडून आईला पाहतात. तिसरी तक्रार म्हणजे हे सगळं एका दिवसात पुसलं जाणार.

तू फोन उलटा ठेवलास. मग म्हणालीस, “आते नीट करसू.” ‘नीट’ म्हणजे तुझ्या दृष्टीने काय, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

तिसरी तक्रार आली तेव्हा तू सुरतच्या दवाखान्यात होतीस. मी नंदुरबारहून गाडीने डबा घेऊन यायचो, आणि नवापूर गेलं की तुझा फोन यायचा, “कोठे उना? मन्हा मोबाईलना चार्जर लयना का?” डबा नंतर. त्या दिवशी तू उशाला टेकून बसली होतीस आणि फोन माझ्यापुढे धरलास. तक्रार माझ्या लेकीच्या हळदीच्या व्हिडिओवर होती.

तुझ्या सगळ्या व्हिडिओंत तो मला जवळचा, कारण तू स्वतः फक्त त्यातच दिसायचीस. एरवी तू कायम फोनच्या मागे. त्या दिवशी बायकांनी तुला ओढून मांडवात नेलं, आणि तू जाता जाता फोन माझ्या हातात कोंबलास. आधी तू रागावलेली दिसतेस, ‘सोडा गं’ म्हणतेस. मग कुणीतरी तुझ्या गालाला हळद फासतं आणि तू अशी नाचतेस, अशी नाचतेस, की माझा हात हसण्याने हलतो आणि मांडव आडवा होतो. तू तो आडवा मांडवही तसाच ठेवलास. त्यावर बायकांच्या ग्रुपमध्ये फिरत आलेलं एक अहिराणी हळदीचं गाणं लावलंस. गाण्याबरोबर कुणाचं नाव आलं नव्हतं. शब्द असे, की तुला तुझी आई गुणगुणायची तसेच वाटले. म्हणून तू सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिहिलंस, ‘पारंपरिक हळदीचं गाणं’. तुझ्या कायद्याप्रमाणे हे बिननावाचं भांडं होतं. गावाचं.

तक्रार करणाऱ्याने सरळ घाव घातला नव्हता. एक आठवड्याची मुदत दिली होती. तेवढ्यात तू स्वतः व्हिडिओ काढलास तर चॅनेलला धक्का नाही. मी म्हटलं, “वहिनी, काढून टाक. बाकीचं सगळं वाचेल.”

“काब्र? ते ते जुनं गानं शे. आजीपंजीनं. त्यावर कोना हक्क? वकील, आज तू मन्हा बाजूथीन भांड. आजलगून कंपनीना बाजूथीन बोलना तू.”

मला मनातून आनंद झाला, खरं सांगतो. इतक्या वर्षांनी तुझा मुद्दा कायद्यात बसत होता. गाणं खरोखर परंपरेचं असेल तर त्यावर कुणी मालकी सांगू शकत नाही. मी उत्तराचा मसुदा मनात जुळवायला लागलो. पण तक्रारीखाली फोन नंबर होता, आणि तुला फोन नंबर दिसला की दम धरवत नसे. लावलास. आवाज मोठा ठेवलास, मलाही ऐकू यावं म्हणून.

पलीकडे कंपनी नव्हती. शिंदखेड्याकडचा एक कैलास नावाचा माणूस होता, लग्नांत साऊंड लावणारा. मागे लाकडी खोके सरकवल्याचा आवाज येत होता. तू ठसक्यात सुरुवात केलीस, “काय भाऊ, आजीपंजीना गानावर हक्क सांगस का?”

तो म्हणाला, “ताई, ते आजीपंजीनं नई. मन्हं शे. मी लिखेल शे, चाल बी मन्ही, आवाज बी मन्हा.”

“असं कसं? मन्ही माय असंच म्हने.”

“तुम्हले तसं वाटनं, हाऊ मन्हा मान शे, ताई. पन तुम्हना व्हिडिओ इतला चालना, का मी जठे गाऊ तठे लोक म्हनतस, हाई ते जुनं गानं शे, तू काय नवं लयना? पारंपरिक म्हंजे मरी जायेल मानसस्नं ना? मी ते जित्ता शे.”

तुला उत्तर सुचलं नाही, हा प्रसंग मी आयुष्यात एकदाच पाहिला आणि पाहताना मला अजिबात जिंकल्यासारखं वाटलं नाही. तू म्हणालीस, “चूक व्हयनी, भाऊ. मी आत्तेच काढस.” आणि फोन ठेवलास.

तुझ्याच कायद्याने तू दोषी ठरली होतीस. भांड्यावर नाव होतं. ते तुझ्यापर्यंत येईतो पुसलं गेलं होतं, आणि तू ते गावाचं म्हणून जाहीर केलं होतंस. माझी दोन पुस्तकं जे करू शकली नाहीत, ते त्याच्या एका वाक्याने केलं.

मी म्हटलं, “काढण्याआधी एक प्रत फोनमध्ये ठेव. तू आहेस त्यात.” तुझ्या फोनची मेमरी कायम भरलेली, व्हिडिओ चॅनेलवर गेला की तू मूळचा पुसून टाकायचीस. कुणाला फाईलही द्यायची नाहीस. लिंक द्यायचीस, म्हणजे पाहणाऱ्यांचा आकडा वाढेल. दुसरीकडे कुठेही तो नव्हता.

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या चेहऱ्यावर आजार होता, पण तो क्षणभर बाजूला झाला. “चोरी परत देवानी आनि झेरॉक्स ठेवानी? असा वकील शे का तू?”

आणि बोट दाबलंस. इतकंच. चॅनेल वाचलं. तू त्यातून गेलीस.

डबा खाताना आपण त्याच मुद्द्यावर पुन्हा भांडलो. मी म्हटलं, कायद्याला कैलास आणि कंपनी सारखेच. कंपनीच्या आतही कुणीतरी कैलास बसलेला असतो, त्यानेही कधीतरी एखादी ओळ जागून लिहिलेली असते. तू भाकरीचा तुकडा मोडलास, पण खाल्ला नाहीस. “मंग त्या कैलासना फोन नंबर दे ना माले. कंपनीले फोन लावा ते बाई म्हनस, एक दाबा, दोन दाबा. जो फोन उचली त्याले इचारसू. जो उचलत नई त्याले कसं इचारू?” उद्या सांगतो, म्हटलं होतं. उद्या तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस.

परवाची गोष्ट. तुझ्यामागे दादाच्या दारावर बसायला, सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. एक सावळा, मिशीवाला माणूस मोटारसायकल लांब लावून चालत आला आणि सतरंजीच्या कडेला बसला. दादाला वाटलं केळीचा व्यापारी. त्याने त्याला बागेचं सगळं सांगितलं, यंदा वाऱ्याने घड कसे मोडले तेही. त्या माणसानेही निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, मी कैलास. शिंदखेडाकडला. ताईंसंगे एकच बार बोलनू फोनवर.”

मी ताठ बसलो. मनात काय आलं ते तुला सांगायला हरकत नाही, शिवी आली.

तो म्हणाला, “मी त्यास्ले कधी देखं नई. त्या व्हिडिओमा त्या कोनती, ते इचारानं ऱ्हाई गयं.”

माझा आवाज जरा चढलाच. “तो व्हिडिओ कुठे आहे आता? तुम्हीच काढायला लावला. तिने प्रतसुद्धा ठेवली नाही.”

त्याने मान खाली घातली. खिशातून फोन काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं. “मन्हाकडे शे,” तो म्हणाला. “तक्रार करानी म्हनीसन पुरावा ठेवेल व्हता.”

वहिनी, मी वकील आहे. तक्रारदार पुरावा जपून ठेवतो हे पहिल्या वर्षी शिकवतात. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दादाने चष्मा शोधला. तुझ्या वापराने त्याची एक काडी सैल झालेली आहे, ती हाताने धरून त्याने फोन पुढे घेतला. वर ‘पारंपरिक’ आलं, कैलासने दुसरीकडे पाहिलं. मग तू आलीस. रागावलीस, गाल पिवळा झाला, नाचलीस. मांडव आडवा झाला. दादाने बोट ठेवलं. “हाई.”

“हाई?” कैलास म्हणाला. “तक्रार करताना मी हाईलेच परत परत देखी ऱ्हायंतू. माले वाटे, हाई बाई मन्हा गानावर नाची ऱ्हायनी, आनि हिले माहीत नई मी कोन शे.”

दादाने पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. आत बायकांच्या लक्षात आलं, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पण कुणी पुढे सरकलं नाही. कैलास हळूच म्हणाला, “दादा, तुम्हना फोनवर पाठाडू का?”

आणि आपला दादा! आपण दोघं त्या ओट्यावर घसा ताणून भांडायचो तेव्हा ठिबकचा पाइप तपासत बसणारा, कधी इकडे नाही की तिकडे नाही. तो चष्मा काढून म्हणाला, “गानं तुम्हनं शे. मी मन्हाजोडे ठेवसू, ते तुम्हले चालई का?”

कैलासने अख्खा फोनच दादाच्या मांडीवर ठेवला.

घरात एकट्याने पाहण्यापुरती प्रत ठेवायला कायदा आड येत नाही; हे मी तेव्हा सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. काही गोष्टींत कायद्याने तोंड घालू नये, एवढं मला तू शिकवलंस असं मी म्हणणार नाही, कारण तू लगेच ते व्हिडिओखाली लिहून टाकशील.

आता गंमत ऐक. बायका दादाकडे लिंक मागायला लागल्या. दादाचं एकच उत्तर, “कैलासले इचारा.” त्यांनी विचारलं. सगळ्यांनी. काल त्याचा मला फोन आला, आवाज पार गळलेला. “वकीलसाहेब, तुम्हना गावन्या बाया माले जेवू देत नई. परवानगी कशी देतस ते सांगा. सुरुवातले मन्हं नाव टाकू, पन व्हिडिओ ताईंना चॅनेलवरच जाई. मन्हावर नई.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत गाण्याचा परवाना मी पहिल्यांदा लिहिला. साधा कागद. देणारा कोण, घेणारा कोण, गाणं कोणतं, चित्र कोणतं. घेणाऱ्याच्या जागी दादाचं नाव लिहायला हवं होतं. मेलेल्या माणसाला परवानगी देता येत नाही, हे माझ्या हाताखालचा कारकूनसुद्धा जाणतो. मी तुझं लिहिलं. कैलासने वाचलं आणि सही केली.

कागद चुकीचा आहे, वहिनी. मला माहीत आहे. हरकत असेल तर ऊठ आणि सांग.